बार्बीला छाती देणाऱ्या बाईला स्वतःचे स्तन गमवावे लागले, मग तिनं काय केलं?

२०२३ साली आलेला बार्बी सिनेमा पाहिला असेल, तर त्यातली एक म्हातारी आठवत असेल. बार्बी मॅटेल कंपनीच्या ऑफिसातून पळ काढते आणि एका दारातून आत शिरते. आत जुन्या वळणाचं स्वयंपाकघर असतं आणि तिथं ही म्हातारी बसलेली असते. ती बार्बीला चहा देते, तिच्याशी मायेनं बोलते. सिनेमाच्या शेवटी हीच म्हातारी परत येते आणि आपले दोन्ही स्तन काढून टाकल्याचा उल्लेख विनोदात करून जाते.

थिएटरमध्ये लोक हसले. पण ती म्हातारी काल्पनिक नव्हती.

तिचं नाव रूथ हँडलर. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बाहुलीची निर्माती. या बाईनं १९५९ साली अमेरिकेतल्या लहान मुलींच्या हातात भरलेली छाती असलेली बाहुली दिली, आणि त्यानंतर ११ वर्षांनी तिलाच स्तनांचा कॅन्सर झाला.

आज इन्स्टाग्राम उघडलं की ब्रेस्ट ऑगमेंटेशनच्या, म्हणजे स्तनांचा आकार वाढवण्याच्या शस्त्रक्रियेच्या जाहिराती दिसतात. आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि खाली नंबर. दोन फोटोंच्या मधलं काही दिसत नाही. रूथच्या आयुष्यात मात्र ते सगळं मधलं आहे. शरीराचा आकार कोण ठरवतं, तो बदलताना काय विचारायचं असतं आणि विचारलं नाही तर काय होतं, हे तिच्या गोष्टीतून नीट कळतं.

दहावं लेकरू

रूथचा जन्म ४ नोव्हेंबर १९१६ चा, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातला. आईबाप पोलंडहून आलेले ज्यू. दहा पोरांमधली ही सगळ्यात धाकटी. आईची तब्येत बरी नसायची, म्हणून रूथला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, सारानं. साराचं दुकान होतं आणि रूथ लहानपणापासून त्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाला काय हवंय हे त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं, ही शाळा तिची तिथंच झाली.

वयाच्या १९ व्या वर्षी ती लॉस एंजेलिसला गेली आणि पॅरामाउंट स्टुडिओत स्टेनोग्राफर म्हणून लागली. १९३८ साली तिनं इलियट हँडलरशी लग्न केलं. इलियट कलाकार माणूस. तो प्लास्टिकच्या वस्तू बनवायचा, पण विकायला लाजायचा. रूथला लाजणं माहीत नव्हतं. तो बनवणार आणि ती विकणार, अशी संसाराची आणि धंद्याची वाटणी झाली.

१९४५ साली हॅरोल्ड मॅटसन नावाच्या जोडीदाराबरोबर त्यांनी कंपनी काढली. मॅटसनमधलं मॅट आणि इलियटमधलं एल घेऊन नाव ठेवलं मॅटेल. मॅटसन लवकरच बाहेर पडला. कंपनी सुरुवातीला फोटोफ्रेम बनवायची. उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांतून बाहुल्यांच्या घरातलं फर्निचर बनवायला लागली आणि हळूहळू खेळण्यांच्या धंद्यात उतरली.

१९५५ साली रूथनं मोठा जुगार खेळला. डिस्नेचा मिकी माऊस क्लब हा टीव्ही कार्यक्रम सुरू होणार होता. त्याच्या वर्षभराच्या जाहिरातींसाठी मॅटेलनं ५ लाख डॉलर मोजले. जवळपास अख्ख्या कंपनीची किंमत तेवढी होती. तोवर खेळण्यांच्या जाहिराती मुख्यतः नाताळच्या आसपास व्हायच्या. मॅटेलनं वर्षभर थेट पोरांशी बोलायला सुरुवात केली आणि धंद्याची रीतच बदलली.

बार्बी आली कुठून?

रूथची मुलगी बार्बरा कागदाच्या बाहुल्यांशी खेळायची. बाजारातल्या बहुतेक बाहुल्या म्हणजे तान्ही बाळं. मुलींनी त्यांना दूध पाजायचं, झोपवायचं आणि आई व्हायची तालीम करायची. पण बार्बरा आणि तिच्या मैत्रिणी कागदी बाहुल्यांना मोठ्या बायका बनवायच्या. कपडे बदलायच्या, ऑफिसला पाठवायच्या, फिरायला न्यायच्या.

रूथनं हे पाहिलं आणि तिला वाटलं, मुली पुढच्या आयुष्याची स्वप्नं रंगवतायत. मग बाहुलीसुद्धा मोठ्या बाईसारखीच हवी आणि मोठ्या बाईला स्तन असतात. मॅटेलमधल्या पुरुष डिझायनर्सनी ही कल्पना उडवून लावली. छाती असलेली बाहुली कुठली आई विकत घेईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९५६ साली हँडलर कुटुंब युरोपला फिरायला गेलं. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न शहरात एका दुकानाच्या काचेत रूथला हवी तशी बाहुली दिसली. ती होती जर्मनीची लिली. बिल्ड या वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रमालिकेतलं हे पात्र आणि त्यावरून बनवलेली बाहुली. मुळात ती लहान मुलींसाठी नव्हतीच, मोठ्या पुरुषांनी गंमत म्हणून घ्यायची वस्तू होती.

रूथनं लिली विकत घेतली, अमेरिकेला आणली आणि तिच्यावरून बार्बी घडवली. मॅटेलनं पुढे १९६४ साली लिलीचे हक्क विकत घेतले.

९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत बार्बी पहिल्यांदा मांडली गेली. उंची साडेअकरा इंच, किंमत ३ डॉलर, अंगावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा स्विमसूट. दुकानदारांनी नाकं मुरडली, पण पोरींना ती आवडली. पहिल्याच वर्षात ३ लाखांहून जास्त बार्बी खपल्या. १९६१ साली बार्बीचा मित्र केन आला. त्याचं नाव रूथच्या मुलाचं, केनेथचं. पुढं ही बाहुली जगभर गेली, भारतात साडी नेसूनही आली.

रूथचा हेतू चांगला होता. मुलीनं आपल्या वाढणाऱ्या शरीराला घाबरू नये, असं तिला वाटायचं. पण बाहुलीचा साचा आला होता तो पुरुषांच्या करमणुकीच्या वस्तूवरून. बारीक कंबर, उंच पाय आणि त्या मानानं मोठी छाती. असं शरीर खऱ्या बाईचं नसतं आणि मुलींना तेच सुंदर वाटायला लागतं, ही टीका बार्बीवर पुढं अनेक वर्षं होत राहिली. मॅटेलनं उंच, बुटकी आणि भरलेल्या अंगाची अशी नवी शरीरं आणली ती थेट २०१६ साली.

१९७० साली सगळं उलटं झालं

१९६७ साली रूथ मॅटेलची प्रेसिडेंट झाली. एवढ्या मोठ्या अमेरिकन कंपनीत बाई वरच्या खुर्चीत, हे तेव्हा क्वचितच दिसायचं. आणि १९७० साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. डावा स्तन काढावा लागला.

त्या काळी अमेरिकेतही या आजाराबद्दल उघड बोलत नसत. राष्ट्राध्यक्षांची पत्नी बेटी फोर्ड यांनी आपल्या शस्त्रक्रियेबद्दल जाहीर सांगितलं ते १९७४ साली. कॅन्सरनंतर स्तन पुन्हा घडवण्याची शस्त्रक्रिया आजच्याइतकी रुळलेली नव्हती. बहुतेक बायका ब्राच्या आत काहीतरी भरून वेळ मारून न्यायच्या.

रूथही दुकानात गेली. विकणाऱ्या बायकांनाच या विषयाची लाज वाटत होती. हातात मिळाला तो आकार नसलेला एक गोळा. तो ब्राच्या तळाशी जाऊन बसायचा. डावा, उजवा असा फरकच नव्हता. एकच वस्तू दोन्ही बाजूंना चालवून घ्यायची.

जिनं आयुष्यभर वस्तू बनवल्या आणि विकल्या, तिला हे बघून राग आला. चपला डाव्या पायाची वेगळी आणि उजव्या पायाची वेगळी मिळते. ब्रालासुद्धा दोन वेगळे कप असतात. मग कृत्रिम स्तन डावा आणि उजवा वेगळा का नको, हा साधा प्रश्न तिला पडला. तो प्रश्न बनवणाऱ्यांना पडला नव्हता, कारण वापरणाऱ्या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्यातच मॅटेलचंही बिनसलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीला तोटा व्हायला लागला आणि हिशेबात गडबड असल्याचं बाहेर आलं. १९७५ पर्यंत हँडलर नवराबायको स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडले. १९७८ साली रूथवर खटला भरला गेला. सिनेमात करचुकवेगिरीचा विनोद आहे, पण खरा आरोप होता कंपनीचे आकडे फुगवून खोटे अहवाल दिल्याचा. तिनं गुन्हा कबूल केला नाही, पण लढलीही नाही. ५७ हजार डॉलरचा दंड आणि २,५०० तासांची समाजसेवा अशी शिक्षा झाली. ही बाजू झाकून तिचं कौतुक करता येत नाही.

नियरली मी

कंपनी गेली, स्तन गेला, नाव खराब झालं. या काळात रूथनं दुसरा धंदा उभा केला. कृत्रिम अवयव बनवणारे पेटन मॅसी यांना तिनं गाठलं आणि दोघांनी मिळून खऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम स्तन तयार केला. नाव ठेवलं नियरली मी, म्हणजे जवळपास मीच.

आत द्रवरूप सिलिकॉन, वर पॉलियुरेथेनचं आवरण आणि पाठीमागे फोमचा आधार. डावा वेगळा, उजवा वेगळा आणि मापं नेहमीच्या ब्राप्रमाणे. हा शरीराच्या बाहेरून, ब्राच्या आत वापरायचा. शस्त्रक्रिया नाही. रात्री काढून ठेवता येणार.

विकायची पद्धतही रूथचीच. मोठ्या दुकानांमध्ये ती स्वतः जायची आणि तिथल्या मुलींना माप कसं घ्यायचं, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे शिकवायची. तिच्या टीममध्ये बहुतेक बायका अशाच होत्या, ज्यांनी स्वतः हे दुखणं भोगलेलं होतं. पत्रकार आले की ती ब्लाऊजची बटणं सोडायची आणि खरा कुठला, खोटा कुठला ते ओळखा म्हणायची. समोरचा पुरुष लाजून लाल व्हायचा, रूथ नाही. बेटी फोर्ड यांनाही नियरली मी रूथनंच बसवून दिला.

आपलं अख्खं आयुष्य स्तनांभोवतीच फिरलं, असं ती हसत सांगायची. १९८९ साली तिचा दुसरा स्तनही काढावा लागला. १९९१ साली तिनं ही कंपनी किम्बर्ली-क्लार्कच्या एका शाखेला विकली. पण तोवर दुकानाच्या पडद्यामागे गोळा हातात घेऊन रडणाऱ्या बायकांची अवस्था तिनं खूप बदलली होती.

त्याच काळात शरीराच्या आतलं सिलिकॉन

रूथ सिलिकॉन ब्राच्या आत ठेवत होती, तेव्हा दुसरीकडे तेच सिलिकॉन छातीच्या आत बसवलं जात होतं.

१९६२ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या डॉक्टरांनी पहिल्यांदा सिलिकॉनचं ब्रेस्ट इम्प्लांट एका बाईच्या शरीरात बसवलं. मागणी झपाट्यानं वाढली. पण अशा उपकरणांवर देखरेख करायचा पूर्ण अधिकार अमेरिकेच्या एफडीएला मिळाला तो १९७६ च्या कायद्यानं. म्हणजे १४ वर्षं इम्प्लांट बसत होती आणि ती किती सुरक्षित आहेत याचा पुरावा मागणारं कुणी नव्हतं.

पुरावा मागितला गेला तो १९९० च्या दशकात. कंपन्यांना तो नीट देता आला नाही. १९९२ साली केवळ आकार वाढवण्यासाठी सिलिकॉन जेलची इम्प्लांट बसवण्यावर अमेरिकेत बंदी आली. कॅन्सरनंतर स्तन घडवण्यासाठी अटींसह परवानगी राहिली. हजारो बायका कोर्टात गेल्या. डाऊ कॉर्निंग या बड्या कंपनीनं १९९५ साली दिवाळखोरी जाहीर केली.

१९९९ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालानं सांगितलं की इम्प्लांटमुळे संधिवातासारखे अख्ख्या शरीराचे आजार होतात याला पुरेसा पुरावा सापडत नाही. पण इम्प्लांट फुटणं, आजूबाजूचा भाग कडक होणं आणि पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणं, हा त्रास खरा आहे. २००६ साली सिलिकॉनची इम्प्लांट पुन्हा बाजारात आली, पण आकार वाढवण्यासाठी वयाची अट घातली गेली २२ वर्षांची.

रूथनं हा काळ बराचसा पाहिला. त्यानंतरचं तिनं पाहिलं नाही. २०१० साली फ्रान्समध्ये पीआयपी या कंपनीनं इम्प्लांटमध्ये वैद्यकीय दर्जाचं नव्हे, तर कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरल्याचं उघड झालं. २०१९ साली ॲलर्गन कंपनीनं खरबरीत पृष्ठभागाची आपली इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. अशा इम्प्लांटशी लिम्फोमाचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरचा एक दुर्मिळ प्रकार जोडला गेला होता. २०२१ साली एफडीएनं इम्प्लांटवर ठळक इशारा छापणं आणि शस्त्रक्रियेआधी बाईला धोक्यांची यादी वाचायला देणं बंधनकारक केलं.

मग शस्त्रक्रियेआधी काय विचारायचं?

रूथनं दुकानात विचारला तसाच प्रश्न डॉक्टरांच्या केबिनमध्ये विचारायचा. ही वस्तू कशाची आहे आणि माझ्या अंगात ती कशी वागणार?

पहिली गोष्ट, इम्प्लांट जन्मभराचं नसतं. जितकी वर्षं ते आत राहील, तितकी गुंतागुंत होण्याची आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता वाढते. म्हणून खर्च धरायचा तो एका ऑपरेशनचा नाही, पुढच्या तपासण्यांचा आणि बदलण्याचाही. फक्त सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे आरोग्य विमा सहसा देत नाही.

दुसरी गोष्ट, इम्प्लांटभोवती शरीर स्वतःहून एक आवरण तयार करतं. काही जणींमध्ये ते आवळत जातं, छाती कडक होते आणि दुखते. आत मिठाचं पाणी असलेलं इम्प्लांट फुटलं तर छाती बसते आणि लगेच कळतं. सिलिकॉन जेलचं फुटलं तर बाहेरून काही कळेलच असं नाही. म्हणून लक्षणं नसली तरी ५ ते ६ वर्षांनी आणि त्यानंतर दर २ ते ३ वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्यावा, असं एफडीए सांगतं.

तिसरी गोष्ट कॅन्सरच्या तपासणीची. इम्प्लांटमुळे मॅमोग्राफीत काही भाग झाकला जाऊ शकतो. त्यामुळे तपासणीला गेल्यावर आधीच सांगायचं, म्हणजे जास्तीचे फोटो घेतले जातात. घरात कुणाला स्तनांचा कॅन्सर झालेला असेल, तर हे बोलणं शस्त्रक्रियेच्या आधी व्हायला हवं.

चौथी गोष्ट, निपलची संवेदना कमी होऊ शकते आणि अंगावर दूध पाजण्यात अडचण येऊ शकते. मूल व्हायचं असेल तर हे डॉक्टरांना सांगायचं. इम्प्लांट काढलं तर छाती आधीसारखी होईलच असं नाही, त्वचा सैल पडू शकते. काही बायका इम्प्लांटनंतर थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा अशा तक्रारी सांगतात. त्याचं नेमकं कारण अजून स्पष्ट झालेलं नाही, पण या तक्रारी एफडीएच्या इशाऱ्यात नोंदलेल्या आहेत. सिगारेट ओढत असाल तर जखम भरायला वेळ लागतो, म्हणून काही आठवडे आधी ती सोडायला सांगतात.

पाचवी गोष्ट डॉक्टरची. आपल्याकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलसारख्या राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला लाजायचं कारण नाही. इम्प्लांटची कंपनी, प्रकार आणि सिरीयल नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्यायचं आणि जपून ठेवायचं. पीआयपीसारखं काही पुन्हा घडलं, तर ते कार्डच सांगेल की आपल्या अंगात काय आहे.

आणि ज्यांचा स्तन कॅन्सरमुळे गेलाय, त्यांच्यापुढे शस्त्रक्रिया हा एकच रस्ता नाही. बाहेरून वापरायचा कृत्रिम स्तन आहे, स्वतःच्याच पोटाच्या किंवा पाठीच्या भागातून स्तन घडवण्याची शस्त्रक्रिया आहे आणि काहीच न करता तसंच राहणंही आहे. त्यातलं काय निवडायचं ते त्या बाईनं ठरवायचं. नवऱ्यानं नाही आणि जाहिरातीतल्या फोटोनं तर नाहीच.

शेवटची वर्षं

१९९४ साली रूथनं आपलं आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी तिचा मुलगा केनेथ वारला. २७ एप्रिल २००२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये, आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत, वयाच्या ८५ व्या वर्षी रूथचं निधन झालं. इलियट त्यानंतर ९ वर्षं जगला.

बातम्यांमध्ये मथळा बार्बीच्या आईचा होता आणि तो बरोबरच होता. पण बार्बी विकायला तिला कुणाचं माप घ्यावं लागलं नव्हतं. नियरली मी विकताना मात्र ती दर वेळी समोरच्या बाईला आधी विचारायची की तुला काय हवंय, आणि मगच टेप हातात घ्यायची.